पंढरपूर ते सोलापूर : एका फौजेची सहा वर्षे

१० मे १८१८ च्या पहाटे सोलापूरच्या पेठेच्या तटाला शिड्या लागल्या. चढणारे शिपाई कंपनी सरकारचे होते. आत होते ते दुसऱ्या बाजीरावाचे पायदळ आणि त्याच्या तोफा. खुद्द बाजीराव तिथून शेकडो मैल दूर, उरल्यासुरल्या घोडदळानिशी तापीच्या दिशेने पळत होता. घोड्यांच्या पळापळीत पायदळाला आणि तोफांच्या गाड्यांना साथ देता येत नाही, म्हणून ते सारे सोलापूरच्या भुईकोटाच्या आश्रयाला राहिले होते. ब्रिटिश नोंदींप्रमाणे सुमारे ५,५०० पायदळ, त्यात हजाराहून अधिक अरब, साडेआठशेच्या आसपास स्वार, १४ तोफा आणि किल्ल्यातली हजारभर शिबंदी असा हा जमाव होता. सरदार होते गणपतराव पानसे, पेशव्यांच्या तोफखान्याचे पिढीजाद अधिकारी.

पाच दिवसांत हे सगळे संपले.

पेशवाईच्या अखेरीची कथा सांगताना खडकी, कोरेगाव आणि आष्टी इथे थांबायची आपल्याला सवय आहे. सोलापूरचा उल्लेख झालाच तर एका ओळीत होतो. पण ही फौज उभी कशी राहिली, तिला पोसले कोणी आणि ती विरघळली कशी, हे समजून घ्यायचे तर सोलापूर जिल्ह्याइतकी सोयीची जागा नाही. १८१२ मध्ये पंढरपुरात सरदारांच्या चाकरीचा करार झाला, फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला सेनापती पडला आणि मे महिन्यात सोलापूरला पायदळ मोडले. सहा वर्षांत, एकाच जिल्ह्याच्या हद्दीत.

लढाया हरण्याची कारणे बहुधा तोफा, कवायत आणि फितुरी यांत शोधली जातात. इथे मात्र शिपायाच्या पगाराचा हिशेब आधी पाहावा लागतो.

मराठी फौजेची मूळ घडण कशी होती, याचे वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत केले आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, त्या तुकडीमागे एक पखालजी आणि एक नालबंद. हवालदारांवर जुमलेदार, त्यांच्यावर हजारी, त्याच्यावर पंचहजारी. जुमलेदाराला साल पाचशे होन, हजारीला हजार. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. पण शिलेदारही पागेच्या हुकमतीखाली. नवा माणूस ठेवायचा तर आधीच चाकरीत असलेल्याने जामीन राहायचे. पावसाळ्यात छावणी, दसऱ्यानंतर आठ महिने मुलूखगिरी आणि परत आल्यावर लुटीची झडती. पगार रोख, नाहीतर सरकारी वसुलीवर वरात. गाव तोडून द्यायचे नाही, असा शिवाजी महाराजांचा कटाक्ष होता. गाव मिळाले की माणूस गावाचा होतो आणि सरकारचा राहत नाही, हे त्यांनी आदिलशाहीत जवळून पाहिले होते.

ही शिस्त टिकली नाही. तिची जबाबदारी कुणा एकाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. १६८९ नंतर संभाजी महाराज गेले, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीत अडकले. खजिना नव्हता आणि समोर औरंगजेब होता. ज्याने स्वतःच्या हिमतीवर फौज उभी करावी त्याला जिंकलेल्या मुलखातून वतन द्यावे, एवढा एकच उपाय हाती होता. त्या उपायाने स्वराज्य वाचले. मात्र फौजेच्या भरतीची किल्ली सरकारच्या हातून सरदाराच्या हाती गेली ती कायमची. पुढे पेशव्यांनी याच घडीवर अटकेपर्यंतचा पसारा उभा केला. सरंजामदाराला मुलूख लावून द्यायचा, तैनातजाबत्यात त्याने किती स्वार बाळगायचे ते लिहायचे आणि मोहिमेला हजिरी घ्यायची. कागदावर हजार स्वार असले तर हजिरीला किती येत, हा दर दसऱ्याचा वादाचा विषय असे.

या व्यवस्थेतला शिलेदार म्हणजे छोटा भांडवलदारच. घोडा त्याचा, हत्यार त्याचे, कर्जही त्याचेच. घोडा लढाईत पडला आणि सरकारने भरपाई दिली नाही, तर त्याचा धंदाच बुडाला. मराठे तोफांच्या तोंडी घोडी घालत नाहीत, असा शेरा त्या काळच्या युरोपीय लेखकांनी अनेकदा मारला आहे. त्यात भित्रेपणापेक्षा हिशेब अधिक होता, हे त्यांच्यातल्या चाणाक्षांना कळत होते. पगार थकला की शिलेदार सरदाराच्या दारात धरणे धरून बसत. सरदार सावकाराकडे जाई आणि सावकार पुढच्या वर्षाच्या वसुलीवर बोट ठेवी.

कवायती पायदळ आले तेव्हा खर्चाचे स्वरूप पुन्हा बदलले. शिलेदार पावसाळ्यात शेतावर जातो, गारदी म्हणजे कवायती शिपाई जात नाही. त्याला बारा महिने रोख लागते. इब्राहीमखान गारदी पानिपतावर शेवटपर्यंत लढला आणि पकडला जाऊन मारला गेला, ही या नव्या शिपायाची एक बाजू. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पगाराचा तगादा लावलेले गारदी शनिवारवाड्यात घुसले आणि त्यांनी नारायणराव पेशव्याचा खून केला, ही दुसरी. भाड्याने आणलेली तलवार कोणाच्या मानेवर पडेल हे भाडे देणाऱ्यावर ठरते, आणि त्या दिवशी भाडे दुसऱ्याने कबूल केले होते.

हे गणित नीट सोडवणारा मराठी सत्ताधारी एकच झाला, महादजी शिंदे. १७८४ मध्ये त्याने बन्वा द बॉयन्य या सॅव्हॉयच्या लष्करी माणसाला चाकरीत घेतले. पलटणी उभ्या राहिल्या, पण त्या पलटणींचे खरे बळ बंदुकीत नव्हते. दोआबातला कसदार मुलूख केवळ त्यांच्या खर्चासाठी तोडून दिला होता आणि त्याची वसुली द बॉयन्य स्वतः पाहत असे. पगार वेळेवर होई. जखमी शिपायाला उपचाराच्या काळातही पगार आणि वर काही रक्कम मिळे. अपंग झालेल्याला निम्म्या पगाराचे निवृत्तिवेतन आणि जमीन. त्या काळात हिंदुस्थानात एखाद्या देशी दरबाराने शिपायाच्या म्हातारपणाचा असा विचार केल्याची उदाहरणे फार थोडी सापडतील.

पण या बंदोबस्तात एक फट राहिली होती. पलटणींचे अधिकारी परदेशी होते आणि त्यांचे भवितव्य महाराष्ट्रात नव्हते. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध सुरू होताच वेलस्ली सरकारने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना बाहेर पडण्याचे आवाहन केले आणि पोटापाण्याची हमी दिली. अधिकारी गेले. द बॉयन्यच्या जागी आलेला पेरॉन सप्टेंबरात स्वतःच इंग्रजांच्या आश्रयाला गेला. असईच्या मैदानावर २३ सप्टेंबरला शिंद्यांच्या तोफखान्याने कंपनीच्या फौजेचे मोठे नुकसान केले, तरी त्या दिवशी त्या तोफांमागे उभ्या असलेल्या पलटणींच्या डोक्यावरचे छप्पर आधीच उडालेले होते.

पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने या सगळ्यातून नेमका उलटा धडा घेतला.

त्याची कारकीर्दच थकलेल्या पगारापासून सुरू झाली होती. गादी मिळवून देण्याच्या बदल्यात त्याने दौलतराव शिंद्याला दोन कोटी रुपये कबूल केले. पैसे नव्हतेच. मग शिंद्याच्या सर्जेराव घाटग्याला पुण्यातल्या धनिकांकडून वसुली करण्याची मोकळीक मिळाली आणि १७९८ मध्ये शहराने आपल्याच मित्राच्या फौजेचा पगार अंगावरचे वळ मोजत भरला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकराने बाजीरावाचा पराभव केला. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. सहा हजार तैनाती पायदळ आणि त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख. म्हणजे पेशव्याच्या रक्षणाची फौज आता कंपनीची, अधिकारी कंपनीचे, आणि पगार पेशव्याच्याच मुलखातून.

एकदा हे रक्षण विकत घेतल्यावर स्वतःची फौज बाळगायची कशाला, असा विचार बाजीरावाने केला असावा. त्याचे वागणे तरी तसेच होते. परगणे इजाऱ्याने देऊन तो पैसा साठवू लागला. जुने सरंजामदार त्याला फौजेचे आधार वाटत नसत. संधी मिळेल तेव्हा ज्यांचा मुलूख काढून घ्यावा असे ते धनको वाटत. पटवर्धनांवर तर त्याचा बापापासूनचा राग. रघुनाथरावाच्या विरोधात उभे राहिलेले हे घराणे मिरज, सांगली, जमखंडी, तासगाव असे पसरलेले होते आणि तैनातजाबत्यापेक्षा कमी स्वार पाठवते म्हणून सापडण्याजोगेही होते.

या भांडणाचा निकाल पंढरपुरात लागला. १८१२ च्या जुलैमध्ये पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन फौज घेऊन पंढरपूरला गेला आणि दक्षिणेतल्या जहागीरदारांपुढे अटी ठेवल्या. त्यांनी पेशव्याची चाकरी जुन्या रिवाजाप्रमाणे, कबूल केलेल्या फौजेनिशी करावी, बळकावलेला मुलूख सोडावा. पेशव्याने जुनी येणी उकरून काढू नयेत आणि ते चाकरी करतात तोवर त्यांच्या सरंजामाला हात लावू नये. दोन्ही बाजूंची हमी कंपनीने घेतली.

वरवर पाहता हा बाजीरावाचा विजय होता. मुजोर सरदार वठणीवर आले, हजिरी देऊ लागले. पण कराराचा खरा अर्थ त्या सरदारांना त्याच दिवशी कळला असणार. कालपर्यंत त्यांचा सरंजाम पेशव्याच्या सनदेवर उभा होता. आजपासून तो एल्फिन्स्टनच्या शब्दावर उभा राहिला. चाकरी एकाची आणि भाकरीची हमी दुसऱ्याची, अशी ही विभागणी होती. पुढच्या सहा वर्षांत जे घडले त्याचे बी इथे पडले, असे म्हणणे मुळीच अतिशयोक्तीचे होणार नाही.

तीन वर्षांनी, २० जुलै १८१५ रोजी, याच पंढरपुरात बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा देवदर्शनाहून परतताना खून झाला. बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यावर ठपका आला आणि पेशवा-कंपनी संबंध तुटेपर्यंत ताणले गेले.

दरम्यान दुसरी एक फौज दापोडीला तयार होत होती. बाजीरावाने रेसिडेंटच्या प्रोत्साहनाने स्वतःच्या खर्चाने कवायती पलटणी उभ्या केल्या आणि त्या जॉन फोर्ड नावाच्या कंपनीच्या अधिकाऱ्याकडे सोपवल्या. शिपाई पेशव्याचे, पगार पेशव्याचा, शिस्त आणि हुकूम इंग्रजांचा. शिपाई ज्याच्या हातून पगार घेतो आणि ज्याच्या तोंडून हुकूम ऐकतो त्यालाच मालक समजतो, ही साधी गोष्ट शनिवारवाड्यात कोणाच्या लक्षात आली नाही की लक्षात येऊनही बोलायची सोय नव्हती, कोण जाणे.

१३ जून १८१७ च्या पुणे कराराने पेशव्याचा उरलासुरला मान गेला. ५,००० स्वार आणि ३,००० पायदळ यांच्या खर्चासाठी आणखी मुलूख तोडून द्यावा लागला. याच करारातून पुण्याचे ते घोडदळ उभे राहिले ज्याची परंपरा आजच्या भारतीय सेनेतला ‘पूना हॉर्स’ सांगतो. म्हणजे भरती मराठी मुलखात जोरात चालू होती, फक्त पेशव्यासाठी नव्हती.

मग बाजीरावाने घाई सुरू केली. ऑगस्टमध्ये माहुलीला कंपनीचा अधिकारी सर जॉन माल्कम त्याला भेटला आणि पेंढाऱ्यांवरच्या मोहिमेला मदत म्हणून फौज वाढवावी, असा सल्ला त्यानेच दिला. एल्फिन्स्टनला हा भाबडेपणा पटला नाही. बाजीरावाला मात्र हवी ती सबब मिळाली. सगळी सूत्रे सेनापती बापू गोखल्यांकडे आली आणि भरतीसाठी त्यांना जवळपास एक कोटी रुपये दिले गेले, असे या युद्धात स्वतः असलेला इतिहासकार ग्रँट डफ लिहितो. स्वार, अरब, गोसावी, हिंदुस्थानी शिपाई, जो येईल तो ठेवला गेला. अरबांना देशी शिपायापेक्षा बराच जास्त पगार मिळे, कारण तटाआडून लढण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. १९ ऑक्टोबरच्या दसऱ्याला पुण्यात जमलेली फौज पाहणाऱ्याला सगळे जुने वैभव परत आले आहे असे वाटले असेल. पण वीस वर्षे दुर्लक्षित ठेवलेली फौज चार महिन्यांत पैसे ओतून उभी करता येत नाही. माणसे जमतात, एवढेच.

शत्रूची माणसे फोडण्याचाही प्रयत्न झाला. कंपनीच्या मुंबई फौजेतले कितीतरी शिपाई कोकणातले, घरदार पेशव्याच्या मुलखात. त्यांना आमिषे दाखवली, त्यांच्या घरच्यांना धमकावले. उपयोग झाला नाही. कारण सांगायला स्वामिनिष्ठेचे गोडवे गाण्याची गरज नाही. कंपनीचा शिपाई पगार, बढती, जखमेनंतरची सोय आणि म्हातारपणचे वेतन यांच्या आशेवर होता आणि ती आशा बहुतेक वेळा पुरी होत असे. जिथे कंपनीने हात आखडला किंवा मान दुखावला तिथे तिचेही शिपाई उलटलेच. १८०६ चे वेल्लोर आणि १८२४ चे बराकपूर हे त्याचे दाखले आहेत.

५ नोव्हेंबर १८१७. खडकीच्या मैदानात कंपनीची फौज २,८०० च्या आसपास, पेशव्याची तिच्या कितीतरी पट. लढाई चालू असतानाच दापोडीहून फोर्ड आपल्या पलटणी घेऊन आला आणि इंग्रजांच्या बाजूला उभा राहिला. पेशव्याच्या पैशाने तयार झालेल्या तोफा पेशव्याच्याच स्वारांवर डागल्या गेल्या. त्या गोळ्यांत पेशव्याच्या बाजूचे मोरो दीक्षित पडले. ते फोर्डचे मित्र. युद्ध पेटले तर एकमेकांच्या कुटुंबाला जपायचे, असे दोघांत ठरले होते, ही हकिगत ग्रँट डफने नोंदवली आहे. मराठी बाजूचे सुमारे पाचशे मेले किंवा जखमी झाले, इंग्रजांचे ८६. बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर कंपनीचे निशाण चढले.

१ जानेवारी १८१८ ला कोरेगावात कॅप्टन स्टाँटनच्या लहानशा तुकडीने दिवसभर तग धरला. त्या तुकडीत मुंबई फौजेचे महार, मराठे, मुसलमान असे शिपाई होते, समोर अरब आणि गोसावी पुढे घुसत होते. दोन्हीकडचे शिपाई जिवावर उदार होऊन लढले. फरक होता तो असा की एका बाजूच्या मृतांची नावे स्तंभावर कोरली गेली आणि दुसऱ्या बाजूच्या भाडोत्री अरबांची नावे कोणी विचारलीही नाहीत.

१० फेब्रुवारीला सातारा पडला. दुसऱ्याच दिवशी एल्फिन्स्टनने जो जाहीरनामा काढला तो माझ्या मते या युद्धातला सर्वांत परिणामकारक हल्ला होता. वतने, इनामे, देवस्थाने जशीच्या तशी चालतील. बाजीरावाच्या चाकरीत असलेल्यांनी दोन महिन्यांच्या आत घरी परतावे, त्यांना त्रास होणार नाही. न परतणाऱ्यांचे वतन मात्र जाईल. पंढरपूरला सरदारांना जे सांगितले होते तेच आता साध्या शिलेदारालाही सांगितले गेले. धन्याबरोबर राहिलास तर घर जाईल, सोडलेस तर राहील. पटवर्धनांपैकी बहुतेकांनी हळूहळू काढता पाय घेतला. पेरण्यांचे दिवस जवळ येत होते आणि शिलेदारांच्या घरूनही निरोप येतच असतील.

आष्टीची लढाई २० फेब्रुवारीची. हे सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यातले आष्टी. बीडचे किंवा वर्ध्याचे नव्हे. कंपनीचा जनरल स्मिथ अंगावर आला तेव्हा पेशवा जेवत होता. फौज बेसावध ठेवल्याचा टोमणा त्याने गोखल्यांना पाठवला. गोखल्यांनी, आपण पाठ राखतो, असा निरोप दिला आणि थोड्या निवडक स्वारांनिशी ते इंग्रज घोडदळावर चालून गेले. त्यात ते पडले. बाजीराव निसटला आणि त्याच्याबरोबर फिरवले जाणारे साताऱ्याचे प्रतापसिंह छत्रपती इंग्रजांच्या छावणीत आले. छत्रपती गेले म्हणजे सनदेचा मालक गेला, सेनापती गेला म्हणजे हुकूम देणारा गेला. आता उरला होता तो फक्त खजिना, आणि तोही पळता.

याच महिन्यांत दक्षिणेत एक वेगळाच प्रयोग चालू होता. टॉमस मन्रो हा मद्रासकडचा अधिकारी धारवाडला होता. त्याच्याजवळ कवायती फौज जवळपास नव्हती, काही कंपन्या तेवढ्या. बेल्लारी-कडप्प्याकडे कलेक्टर म्हणून सात वर्षे काढलेल्या या माणसाला गावाचा पाटील आणि देसाई यांची नाडी ठाऊक होती. त्याने आसपासच्या मुलखातून साधी शिबंदी बोलावली, प्यादे ठेवले, आणि त्यांच्यावर लढाई आणि वसुली अशी दोन्ही कामे पाहणारे अमलदार नेमून परगण्यांत पाठवले. गाव ताब्यात घ्यायचे, पेशव्याची वसुली थांबवून ती आपण घ्यायची आणि त्याच पैशात प्याद्यांचा पगार भागवायचा. नवलगुंदला रामराव नावाच्या अमलदाराने अशाच प्याद्यांनिशी गोखल्यांच्या शेकडो स्वारांना गाठून उधळून लावले. पेशव्याच्या रयतेने पेशव्याच्या शेतसाऱ्यातून पेशव्याची फौज हाकलली. माल्कमने या योजनेची तोंडभर स्तुती केली. पुढे ब्रिटिश पार्लमेंटात कॅनिंगनेही मन्रोचा गौरव केला.

बदामी फेब्रुवारीत पडली, १० एप्रिलला बेळगाव. मग प्रिट्झलरची कवायती फौज बरोबर घेऊन मन्रो उत्तरेला वळला. भीमा आणि सीना ओलांडून ९ मे रोजी तो सोलापूरसमोर आला. आधी बोलणी करायला त्याने एक सुभेदार पाठवला. त्याला तटाखालीच अरबांनी ठार केले. तह झाला तर आपण कुठले, या भयाची ही खूण म्हणायची की निव्वळ क्रौर्य? वतनदार शिलेदाराला परतायला गाव होते. अरबाला समुद्रापलीकडच्या मायदेशाशिवाय दुसरे काही नव्हते आणि पगाराशिवाय तिकडे जाता येत नव्हते.

पेठ पहाटे पडली. गणपतराव पानसे किल्ल्याच्या पूर्व अंगाने तोफा घेऊन बाहेर आले आणि त्यांनी इंग्रजांच्या राखीव फौजेवर मारा सुरू केला. सत्तावन्नाव्या वर्षाला टेकलेला मन्रो संगिनींच्या हल्ल्याबरोबर स्वतः पुढे गेला. पानसे गंभीर जखमी झाले, त्यांचा दुय्यम सरदार मारला गेला आणि काही तोफा हातच्या गेल्या. पानशांच्या घराण्याविषयी इथे दोन शब्द लिहायला हवेत. सासवडजवळच्या सोनोरीचे हे लोक, मल्हारगड त्यांनीच बांधला. पेशव्यांचा तोफखाना त्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळला. चाकरी घराण्यात चालत आल्याने कसब टिकते हे खरे, आणि नव्या कसबाला वाव कमी राहतो हेही खरे. पण मालक पळालेला, सेनापती पडलेला आणि मदतीची आशा नसताना शत्रूवर चालून जाणारा सोलापुरातला सरदार पगारी नव्हता, पिढीजाद होता. त्याचे श्रेय त्या जुन्या व्यवस्थेला द्यायला हवे.

त्या दिवशी संध्याकाळी पायदळाने तळ सोडला. बरोबर नेता येईल ते घेऊन माणसे निघाली. घोडदळ घेऊन प्रिट्झलर मागे लागला, काही मैलांवर त्याने त्यांना गाठले आणि अंधार पडेपर्यंत कत्तल चालली. आठशेच्या आसपास माणसे पडली, असा ब्रिटिश अंदाज आहे. इंग्रजांकडचे मृत-जखमी मिळून शंभराच्या आत होते. किल्ल्यावर तोफा चालू राहिल्या आणि १५ मे रोजी आतल्या शिबंदीने तो खाली केला. पेशव्याचे संघटित पायदळ म्हणून जे काही उरले होते ते सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी संपले.

सुटलेले हजारो हत्यारबंद लोक गेले कुठे? काही शिलेदारांनी घोडी विकून नांगर धरला. काही कंपनीच्या घोडदळात आणि जिल्ह्याच्या शिबंदीत शिरले. एल्फिन्स्टनने मोठ्या सरंजामदारांना सांभाळले, कारण बेकार फौजेचा धोका त्याला नेमका कळत होता. सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी तर कंपनीची लष्करी चाकरी करण्यापेक्षा मुलखाचा काही भाग सोडून देणे पसंत केले. अरबांना शक्य तिथून मायदेशी रवाना करण्याचे धोरण ठरले. सर्वांत जास्त हाल झाले ते खालच्या थरातल्या वतनी चाकरांचे. पुरंदरच्या परिसरात किल्ल्याची राखण करणाऱ्या रामोशांचे हक्क गेले, आणि त्यांच्यातलाच उमाजी नाईक पुढे काही वर्षे कंपनीला झुंजवत राहिला. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्याला पुण्यात फाशी दिली गेली. सोलापूरला कंपनीची छावणी पडली.

सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरच्या आपल्या ग्रंथात फौजेतले परके लोक आणि हरवलेला राष्ट्रीय बाणा यांवर भर दिला आहे. ते चूक नाही, पण पुरेसेही नाही. कंपनीच्या फौजेत कुठला राष्ट्रीय बाणा होता? तिचा शिपाई ज्या सरकारसाठी लढत होता ते त्याच्या भाषेचे, धर्माचे किंवा देशाचे नव्हते. तिच्याजवळ होते ते ठरल्या दिवशी पगार देणारे खाते, आणि ते खाते भरले जात होते याच देशाच्या शेतसाऱ्यातून. बाजीरावाजवळ पैसा होता, शूर माणसेही होती. त्या दोहोंना वर्षानुवर्षे जोडून ठेवणारी व्यवस्था त्याने स्वतःच्या हाताने आधी मोडली आणि मग परक्याच्या हवाली केली.

बाजीराव ३ जून १८१८ रोजी माल्कमच्या स्वाधीन झाला. उत्तरेकडे निघालेल्या त्याच्या तळावर काही दिवसांतच अरबांनी बंड केले. भांडण पगाराचेच होते. त्रिंबकजीने आपल्याला ठेवले त्या दिवसापासून पगार मोजा, असे अरब म्हणत होते; आपल्याकडे आले त्या दिवसापासून मोजू, असे बाजीराव म्हणत होता. त्याचा तंबू घेरला गेला. शेवटी माल्कमने फौज आणून मध्यस्थी केली आणि हिशेब मिटवून त्याची सुटका केली. त्यानंतर बाजीराव ब्रह्मावर्ताला गेला. कंपनीने त्याला साल आठ लाख रुपये नेमून दिले, आणि २८ जानेवारी १८५१ रोजी तो मरेपर्यंत ते त्याला मिळत राहिले. ही रक्कम अडीच कोटींच्या वर जाते. बापू गोखल्यांना फौज उभी करायला त्याने दिले होते एक कोटी.